'माझी श्रद्धा आड येते' असं पुढारी म्हणाला की काय काय तपासायचं

समलिंगी लग्नाचा विषय निघाला की जगभरातल्या पुढाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं, हा माझ्या श्रद्धेचा प्रश्न आहे, माझा अंतरात्मा परवानगी देत नाही. झालं, समोरचा गप्प. कुणाच्या श्रद्धेबद्दल काय बोलणार? आणि जे बोलतात ते डायरेक्ट 'ढोंगी आहे हा' म्हणून मोकळे होतात, तेही काही खरं नाही. माझं म्हणणं असं की पुढाऱ्याचा अंतरात्मा बऱ्यापैकी तपासता येतो. मनात काय चाललंय ते दिसत नाही, मान्य, पण मत कुठे टाकलं, त्यासाठी स्वतःचं काय घालवलं आणि बिल कुणाच्या नावावर फाडलं हे सगळं रेकॉर्डवर असतं. ते कसं बघायचं तेवढंच इथे लिहितोय.

उदाहरणं जास्त करून कॅनडाची घेतलीत, कारण २००३ ते २००५ या काळात तिथे जे झालं त्यात सगळे नमुने एकाच पार्लमेंटमध्ये सापडतात, कॅथलिक पंतप्रधान, बिशपांची धमकी, राजीनामे, शीख खासदार, सगळं. शिवाय टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन-मिसिसॉगाकडे आता आपली मंडळी भरपूर, त्यातले बरेच तिथले मतदार, तेव्हा कामाला येईल.

आधी विचारा, कुठल्या लग्नाबद्दल बोलताय?

अर्धी भांडणं इथेच मिटतात. लग्न दोन जागी लागतं, एक देवळात-चर्चमध्ये-गुरुद्वाऱ्यात आणि एक सरकारी रजिस्टरमध्ये. पुढारी बोलतो पहिल्याबद्दल आणि मत देतो दुसऱ्यावर, आणि आपल्याला ते कळतही नाही.

कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने ९ डिसेंबर २००४ ला सांगून टाकलं होतं की पार्लमेंट लग्नाची सरकारी व्याख्या बदलू शकतं पण कुठल्याही धर्मगुरूवर त्याच्या श्रद्धेविरुद्ध असं लग्न लावायची सक्ती करता येणार नाही. नंतर जे बिल आलं, सी-३८, ते नावापासूनच सिव्हिल लग्नाचं बिल होतं. इंग्लंडमध्ये २०१३ ला तर त्याहून पुढे गेले, चर्च ऑफ इंग्लंडच्या पाद्र्यांनी अशी लग्नं लावायचीच नाहीत अशी तरतूद कायद्यातच टाकली. म्हणजे पुढारी म्हणाला की 'उद्या माझ्या चर्चला जबरदस्तीने लग्नं लावायला लावतील' तर त्याला शांतपणे विचारायचं, बिलातलं कुठलं कलम? बहुतेक वेळा कलम नसतंच.

आपल्याकडेही तेच. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात जी केस चालली ती मुख्यतः १९५४ च्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टवर होती, म्हणजे रजिस्ट्रारच्या ऑफिसातलं लग्न, दोन सह्या आणि तीन साक्षीदार. कोर्टाने सुरुवातीलाच सांगितलं होतं की धर्मांच्या पर्सनल लॉमध्ये आम्ही शिरणार नाही. सप्तपदी, निकाह, चर्चमधलं लग्न हे टेबलावरच नव्हतं. तरी त्या दोन-तीन महिन्यांत टीव्हीवर चर्चा कशावर होत होती ते आठवून बघा.

मग बघा माणूस कुठल्या खुर्चीवर बसलाय

हे फार महत्त्वाचं आणि यात लोक फार गल्लत करतात. साध्या भक्ताचा अंतरात्मा, आमदार-खासदाराचा अंतरात्मा, मंत्र्याचा, आणि काउंटरवरच्या क्लार्कचा, या चार वेगळ्या केसेस आहेत.

भक्ताचं सोपं आहे, त्याला जे वाटतं ते वाटो, स्वतःचं लग्न कुणाशी करायचं ते तो ठरवतो. खासदार कायदा बनवतो, त्यामुळे त्याचा विश्वास दुसऱ्याच्या घरात शिरतो, म्हणून त्याला कारण विचारायचा आपला हक्क आहे, आणि ते कारण त्याचा धर्म न मानणाऱ्यालाही समजेल असं असायला पाहिजे. क्लार्क कायदा बनवत नाही, राबवतो. अमेरिकेत २०१५ ला समलिंगी लग्नाच्या बाजूने सुप्रीम कोर्टाचा निकाल आल्यावर केंटकी राज्यातल्या रोवन काउंटीची क्लार्क किम डेव्हिस हिने लग्नाचं लायसन्सच देणं बंद केलं, म्हणाली देवाच्या अधिकाराने, आणि कोर्टाचा अवमान केला म्हणून काही दिवस तुरुंगात जाऊन आली. तुरुंगात गेली म्हणजे किंमत दिली ना, असं कुणी म्हणेल. दिली, पण खुर्ची सोडली नाही. आपल्या ऑफिसच्या दारात लोकांना उभं ठेवून अंतरात्मा जपायचा आणि पगारही चालू ठेवायचा, हे मला तरी पटत नाही. पुढच्या वर्षी राज्याने फॉर्मवरून क्लार्कचं नावच काढून टाकलं आणि तो तिढा सुटला, म्हणजे वाट काढायची म्हटली तर निघते. कॅनडात सस्कॅचवान प्रांतात मॅरेज कमिशनर, म्हणजे सिव्हिल लग्न लावून देणाऱ्या लोकांचा हाच प्रश्न होता, तिथल्या कोर्ट ऑफ अपीलने २०११ ला सांगितलं की सरकारी कमिशनरला धर्माचं कारण देऊन नकार देता येणार नाही.

आणि सर्वात वरच्या खुर्चीचं एक उदाहरण मला फार आवडतं, पोर्तुगालचं. २०१० चा मे महिना, अध्यक्ष कवाको सिल्वा, कट्टर कॅथलिक. पोप बेनेडिक्ट देशात येऊन फातिमाच्या तीर्थस्थानी या लग्नांच्या विरोधात बोलून गेले, आणि पोपचं विमान उडून आठवडाही झाला नाही तोच या माणसाने कायद्यावर सही केली. आपल्याला पटलेलं नाही हे त्याने लपवलं नाही. पण मी परत पाठवला तरी पार्लमेंट पुन्हा पास करणार, आणि देश आर्थिक संकटात असताना हा घोळ वाढवण्यात अर्थ नाही, असा त्याचा हिशोब. आता याला अंतरात्मा विकला म्हणायचं की जबाबदारी ओळखली म्हणायचं? मी जबाबदारी ओळखली म्हणेन, पण ते त्याने विरोध उघड बोलून दाखवला म्हणून.

जुनं मत शोधून काढा

इंटरनेटवर अर्ध्या तासाचं काम आहे. कॅनडाच्या हाउस ऑफ कॉमन्समधलं नोंदवलेलं प्रत्येक मतदान नावासकट मिळतं, ब्रिटनचंही.

८ जून १९९९ ला कॅनडात एक ठराव आला होता, लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक बाई, तो २१६ विरुद्ध ५५ ने पास झाला. बाजूने मत देणाऱ्यांत तेव्हाचे पंतप्रधान जाँ क्रेतियाँ होते आणि त्यांच्यानंतर पंतप्रधान झालेले पॉल मार्टिनही होते. दोघेही कॅथलिक, दोघेही लिबरल. चार वर्षांनी क्रेतियाँच्या सरकारने समलिंगी लग्नाचं बिल तयार केलं आणि सहा वर्षांनी मार्टिनच्या सरकारने ते पास करून दाखवलं. देव तोच, चर्च तेच, मग मत का बदललं?

इथे घाई करायची नाही. मत बदललं म्हणजे खोटारडा, असं नसतं. मध्ये काय घडलं ते बघायचं. १० जून २००३ ला ओंटारिओच्या कोर्ट ऑफ अपीलने निकाल दिला की समलिंगी जोडप्यांना लग्न नाकारणं चार्टरच्या, म्हणजे तिथल्या मूलभूत हक्कांच्या, विरोधात आहे. बाकी प्रांतांतली कोर्टंही एकामागोमाग तेच म्हणायला लागली. मार्टिनने फेब्रुवारी २००५ च्या भाषणात जी मांडणी केली ती अशी की हा देश अल्पसंख्याकांचाच बनलेला आहे, आज एकाचे हक्क निवडून बाजूला काढले तर उद्या दुसऱ्याचे काढता येतील, आणि पंतप्रधान म्हणून मला सगळ्यांच्या हक्कांकडे बघायचंय. कारण पटो न पटो, कारण आहे, तारीख आहे, आणि ते जाहीर आहे.

याउलट ओबामा बघा. १९९६ ला इलिनॉयमध्ये राज्याच्या सिनेटला उभे होते तेव्हा एका प्रश्नावलीत लिहून दिलं होतं की समलिंगी लग्नाला माझा पाठिंबा आहे. २००८ ला राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा एका मोठ्या चर्चमध्ये पाद्र्याच्या समोर बसून सांगितलं की ख्रिश्चन म्हणून माझ्यासाठी लग्न म्हणजे पुरुष आणि स्त्री, त्यात देव आहे. २०१२ ला परत पाठिंबा, आणि तेव्हाही आधार ख्रिस्ताच्याच शिकवणीचा, दुसऱ्याने आपल्याशी जसं वागावं तसं आपण वागावं. त्यांचे सल्लागार डेव्हिड अ‍ॅक्सेलरॉड यांनी नंतर उघड लिहिलं की २००८ ची ती भूमिका राजकीय सोय होती, काळ्या लोकांच्या चर्चमध्ये विरोध जोरात होता म्हणून. म्हणजे धर्माचं कारण देऊन लोकांना गंडवायचं काम फक्त विरोध करणारेच करतात असं अजिबात नाही. आपल्या आवडत्या पुढाऱ्यालाही हीच गाळणी लावायची, नाहीतर तपासण्यात काय अर्थ आहे.

आता खरा मुद्दा, किंमत कुणी दिली?

मला विचाराल तर बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण हे धरून ठेवा. खऱ्या अंतरात्म्याची पावती असते, आणि ती स्वतःच्या नावावर असते.

२८ जून २००५, कॅनडात सी-३८ वर शेवटचं मतदान, १५८ विरुद्ध १३३ ने पास. मार्टिनने साध्या खासदारांना मोकळीक दिली होती पण मंत्र्यांना नाही, मंत्रिमंडळात असाल तर सरकारच्या बिलाला मत द्यायचंच. जो कॉमुझी नावाचे उत्तर ओंटारिओचे मंत्री होते, त्यांनी मतदारांना शब्द दिला होता की मी विरोधात मत देईन. त्यांनी काय केलं, त्याच दिवशी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि विरोधात मत दिलं. बस. मला त्यांचं मत पटत नाही, पण माणूस सरळ वागला. पॅट ओब्रायन नावाचे दुसरे एक लिबरल, त्यांनी तर त्याच महिन्यात पक्षाचा गटच सोडला.

एनडीपी, म्हणजे न्यू डेमोक्रॅटिक पार्टी या डाव्या पक्षाची गोष्ट अजून बघण्यासारखी आहे. हा पक्ष स्वतःला हक्कांचा कैवारी म्हणवतो आणि त्यांनी सगळ्या खासदारांना व्हिप लावला, हा हक्काचा प्रश्न आहे, यात मोकळीक नाही. बेव्ह डेजार्ले या मॅनिटोबाच्या खासदार बाईंनी श्रद्धेपोटी विरोधात मत दिलं. पक्षाने त्यांच्याकडची जबाबदारी काढून घेतली, काही महिन्यांत त्यांची उमेदवारीही गेली, अपक्ष उभ्या राहिल्या आणि हरल्या. आणि त्याच पक्षातले चार्ली अँगस, टिमिन्सकडचे खासदार, तेही कॅथलिक. त्यांना स्थानिक पाद्र्याने सांगितलं की बिलाला मत दिलंस तर तुला कम्युनियन, म्हणजे चर्चमधला प्रसाद, मिळणार नाही. कॅथलिक माणसाला, त्यात लहान गावात, जिथे सगळे एकमेकांना ओळखतात, बायकापोरांसमोर, हे किती लागत असेल ते जरा विचार करा. त्यांनी बाजूने मत दिलं. एकाच पक्षात दोन माणसं, दोघांनी उलट मतं दिली, दोघांनी किंमत मोजली, आणि माझ्या मते दोघांचाही अंतरात्मा खरा. हे मान्य करायला जीभ अडखळते पण आहे तसं आहे.

क्रेतियाँवर तर आणखी वरची धमकी आली होती. २००३ मध्ये कॅलगरीचे बिशप फ्रेड हेन्री जाहीरपणे बोलले की पंतप्रधान आपलं पारलौकिक कल्याण धोक्यात घालतायत, म्हणजे साध्या भाषेत नरकाची भीती. त्याच सुमारास व्हॅटिकननेही पत्रक काढलं, कार्डिनल रात्झिंगर यांच्या सहीचं, हेच पुढे पोप बेनेडिक्ट झाले, की कॅथलिक खासदाराने अशा कायद्याला उघड विरोध करणं हे त्याचं कर्तव्य आहे आणि बाजूने मत देणं घोर अनैतिक आहे. म्हणजे तेव्हाच्या कॅथलिक खासदाराला एका बाजूने पक्ष ओढत होता आणि दुसऱ्या बाजूने मोक्ष.

आता फुकटातला अंतरात्मा कसा ओळखायचा? जिथे मत देऊन काहीही जात नाही, उलट मतं वाढतात, तिथे जरा थांबायचं. खोटाच असेल असं नाही, पण पावती नाही एवढं लक्षात ठेवायचं. २००५ लाच कॅनडात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने आपल्या खासदारांना पूर्ण मोकळीक दिली होती, ज्याला जे वाटतं ते करा, आणि बाजूने मत देणारे निघाले तीन, जिम प्रेंटिस, जेम्स मूर आणि जेराल्ड केडी. एवढ्या मोठ्या पक्षात सगळ्यांचा अंतरात्मा एकाच सुरात बोलला म्हणायचा. लिबरलांमध्ये मात्र तीसेक जण सरकारच्या विरोधात गेले.

जर्मनीत मर्केलबाईंनी २०१७ च्या जूनमध्ये, निवडणुकीला तीन महिने असताना, एका कार्यक्रमात सहज म्हटलं की हा सदसद्विवेकाने ठरवायचा प्रश्न व्हावा. चार दिवसांत ३० जूनला मतदान, ३९३ विरुद्ध २२६ ने पास, आणि बाईंनी स्वतः विरोधात मत दिलं. पाद्र्याच्या घरातली मुलगी, मत तिच्या घराला धरून, आणि विरोधकांच्या हातातला निवडणुकीचा मुद्दा पण गेला. श्रद्धा होती की डाव होता? मला वाटतं दोन्ही, आणि मोठ्या राजकारण्यांचं असंच असतं, दोन्ही एकाच वेळी. त्यामुळे 'श्रद्धा की स्वार्थ' असा एक-दोन पर्यायाचा पेपर काढूच नका.

व्हिप आहे की नाही ते बघायचंच

वर आलंच, पण आपल्याकडच्यासाठी वेगळं सांगतो. कॅनडा-ब्रिटनमध्ये पक्ष सोडून मत दिलं तर पक्ष चिडतो, पद जातं, तिकीट जातं, पण खासदारकी राहते. भारतात १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, व्हिपच्या विरोधात मत दिलं तर सीटच जाऊ शकते. म्हणून उद्या लोकसभेत असं बिल आलं आणि पक्षाने व्हिप काढला तर एकेका खासदाराचा अंतरात्मा शोधत बसू नका, पक्षाचा शोधा. १९६९ ला राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत इंदिराबाईंनी अंतरात्म्याच्या आवाजावर मत द्या म्हणून सांगितलं आणि पक्षाचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी पडले, गिरी आले. तेव्हाही ज्यांना तो आवाज ऐकू आला त्यांना तो नेमका बाईंच्या बाजूनेच ऐकू आला, हा वेगळा भाग.

'माझा धर्म' म्हणजे धर्मातलं कोण?

पुढारी म्हणतो माझा धर्म असं सांगतो. धर्म म्हणजे पोप, का शेजारचा पाद्री, का आजी, का त्याचं स्वतःचं वाचन? कॅनडातच युनायटेड चर्च हे मोठं प्रोटेस्टंट चर्च बिलाच्या बाजूने होतं. आणि ओंटारिओच्या त्या केसमधली दोन लग्नं तर जानेवारी २००१ मध्ये टोरांटोच्या एका चर्चमध्येच लागलेली होती, सरकार नोंद करेना म्हणून कोर्टात गेले. म्हणजे तिथे चर्च लग्न लावून बसलं होतं आणि सरकार नाही म्हणत होतं, धर्मस्वातंत्र्य कुणाचं मोडत होतं सांगा.

शिखांचं तर अजून मजेशीर. जानेवारी २००५ मध्ये अकाल तख्ताच्या, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाच्या, जथेदारांनी अमृतसरहून सांगितलं की शिखांनी याला विरोध करावा. तरी कॅनडातली वर्ल्ड सिख ऑर्गनायझेशन बिलाच्या बाजूने उभी राहिली, त्यांचं म्हणणं साधं होतं, पगडी-कृपाणासाठी आपण ज्या चार्टरचा आधार घेतो तोच चार्टर दुसऱ्याला लागू होताना आपण कसं नाही म्हणणार. नवदीप बैन्ससारख्या तरुण पगडीधारी खासदारानेही बाजूने मत दिलं. हा मुद्दा परदेशातल्या आपल्या लोकांनी जरा मनावर घ्यावा, तिथे आपण गणपतीची मिरवणूक काढतो ती अल्पसंख्याक म्हणूनच काढतो.

आणि उलटी बाजू, विरोध म्हणजे धर्मच असं नाही. ऑस्ट्रेलियाच्या ज्युलिया गिलार्ड उघड नास्तिक, पंतप्रधान असताना समलिंगी लग्नाला विरोध, २०१२ ला बिल ९८ विरुद्ध ४२ ने पडलं त्यात त्यांचंही मत विरोधात. त्यांच्याच पक्षातले केव्हिन रड, चर्चला जाणारे, २०१३ ला म्हणाले की माझं मत बदललंय. आता करा हिशोब.

गैरहजर कोण होतं?

मतदानाच्या यादीत बाजूने-विरोधात एवढंच बघून थांबू नका, तिसरी यादी बघा, जी छापत नाहीत. २०१७ ला ऑस्ट्रेलियात पोस्टाने जनमत घेतलं, ६१.६ टक्के हो आले. माजी पंतप्रधान टोनी अ‍ॅबट, एकेकाळी पाद्री व्हायला निघालेले, विरोधाचे सेनापती, त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघात ७५ टक्के हो निघाले. डिसेंबरमध्ये सभागृहात मतदान झालं तेव्हा फक्त चार जण विरोधात उभे राहिले आणि अ‍ॅबट बाहेर निघून गेले. मतदारांच्या विरोधातही नाही आणि स्वतःच्या विरोधातही नाही.

स्कॉटलंडमध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टीचे मुस्लिम पुढारी हमजा युसफ २०१४ ला समलिंगी लग्नाच्या कायद्यावरच्या शेवटच्या मतदानाला नव्हते. त्यांचं म्हणणं पाकिस्तानच्या कौन्सुलसोबत महत्त्वाची मीटिंग होती, फाशीची शिक्षा झालेल्या एका माणसासाठी. तेव्हाचे मंत्री अ‍ॅलेक्स नील यांचं म्हणणं की मशिदीकडून दबाव होता म्हणून मुद्दाम मीटिंग ठेवली. खरं काय ते आपण ठरवू शकत नाही. पण २०२३ ला पक्षाच्या नेतेपदाच्या निवडणुकीत त्यांच्या समोर होत्या केट फोर्ब्स, फ्री चर्च या कडव्या प्रोटेस्टंट चर्चच्या, ज्यांनी सरळ सांगून टाकलं की मी तेव्हा आमदार असते तर विरोधात मत दिलं असतं, पण आता झालेला कायदा बदलणार नाही. लगेच पाठिंबा देणारे काही जण पळाले. शेवटी युसफ ५२ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन जिंकले. मी समलिंगी लग्नाच्या बाजूचा माणूस आहे, तरी त्या आठवड्यात मला फोर्ब्सबाईंचं उत्तर जास्त साफ वाटलं.

प्रश्न कसा विचारायचा

उमेदवार दारात आला, किंवा मंडळाच्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून आला आणि संधी मिळाली, तर 'हे पाप आहे का' असं विचारू नका. ब्रिटनमध्ये लिबरल डेमोक्रॅटचे टिम फॅरन, हे विचारून विचारून त्यांचं जे झालं ते बघा. २०१५ ला टीव्हीवर टाळलं, २०१७ च्या निवडणुकीत रोज तोच प्रश्न, शेवटी म्हणाले पाप नाही, निवडणूक झाल्यावर श्रद्धा आणि नेतेपद दोन्ही एकत्र सांभाळणं अशक्य झालंय म्हणून राजीनामा दिला, आणि २०१८ ला म्हणाले की मी ते 'पाप नाही' बोललो त्याचा मला पस्तावा होतो. आणि गंमत म्हणजे २०१३ ला दुसऱ्या वाचनात याच माणसाने कायद्याच्या बाजूने मत दिलं होतं. पाप काय हा प्रश्न विचारून मिळालं काय? एक माणूस दोनदा खोटं-खरं करत बसला आणि कायद्याबद्दल काहीच कळलं नाही.

त्याऐवजी असं विचारा:

- बिल आलं तर तुम्ही मत कुठे देणार, आणि पक्षाने उलट सांगितलं तर?
- तुमचा धर्म न मानणाऱ्या माणसाला पटेल असं एक कारण सांगा.
- 'लग्न' हा शब्द नको असेल तर हॉस्पिटल, वारसा, पेन्शन, बँक खातं यातलं काय काय द्यायला तयार आहात? कधी मागणी केलीत?
- कायदा झालाच तर परत उलटा फिरवाल का?

तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त लोक अडकतात. कारण ज्याचा आक्षेप खरंच लग्नाच्या पावित्र्याला आहे त्याला हॉस्पिटलच्या फॉर्मवरच्या सहीला आक्षेप असायचं कारण नाही. चौथाही चांगला आहे. स्टीफन हार्पर सत्तेत आल्यावर डिसेंबर २००६ ला हा विषय पुन्हा उघडायचा का म्हणून ठराव आणला, १७५ विरुद्ध १२३ ने पडला, आणि त्यांनी विषय बंद केला. स्पेनमध्ये पॉप्युलर पार्टीने २००५ चा कायदा कोर्टात नेला, २०१२ ला हरले, आणि २०१५ ला त्यांचे पंतप्रधान राखोय पक्षातल्याच एका पुरुष नेत्याच्या पुरुषाशी झालेल्या लग्नाला सूट घालून हजर.

आपल्याकडे हे सगळं लावायचं कसं

थोडं अवघड आहे कारण भारतात यावर संसदेत मतदान झालेलंच नाही. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रिया सुळे यांनी स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टमध्ये बदल करायचं खाजगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, पण खाजगी विधेयकांचं आपल्याकडे काय होतं ते माहितीय, १९७० नंतर एकही दोन्ही सभागृहांत पास झालेलं नाही. म्हणून मतांच्या याद्या शोधू नका, कोर्टातली शपथपत्रं शोधा. २०२३ ला केंद्राने विरोध करताना 'भारतीय कुटुंब' या कल्पनेचा आधार घेतला. राज्यांना मत विचारलं तेव्हा राजस्थान, आसाम आणि आंध्रने विरोध कळवला, त्यातल्या राजस्थानात तेव्हा काँग्रेसचं सरकार होतं, आणि महाराष्ट्राने अजून वेळ पाहिजे म्हणून सांगितलं. वेळ मागणं म्हणजे आपल्या वरच्या तिसऱ्या यादीतलं नाव. १७ ऑक्टोबर २०२३ ला कोर्टाने लग्नाचा हक्क दिला नाही, चेंडू संसदेकडे टोलवला, आणि केंद्राने कमिटी नेमून २०२४ मध्ये रेशनकार्डावर एकत्र नाव आणि जॉइंट बँक खातं अशा काही गोष्टी मोकळ्या केल्या. म्हणजे आपल्या आमदार-खासदाराला विचारायला तिसरा प्रश्न इथे एकदम फिट बसतो, या यादीत पुढचं काय टाकणार आणि कधी.

आणि कुणी म्हणालं की आपल्या संस्कृतीत हा प्रश्नच नाही, तर त्यांना लिओ वराडकरांची आठवण करून द्या. आयर्लंडने मे २०१५ मध्ये जनमताने समलिंगी लग्नाला ६२ टक्के हो म्हटलं, त्या आधी जानेवारीत आरोग्यमंत्री असताना त्यांनी रेडिओवर सांगितलं होतं की मी गे आहे. २०१७ ला पंतप्रधान झाले तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराडचा नातू म्हणून आपल्याकडे केवढं कौतुक झालं, २०१९ च्या डिसेंबरात ते गावी आले तेव्हा तर विचारूच नका. कौतुक करणाऱ्या पुढाऱ्यांची नावं त्या वेळच्या पेपरात आहेत, ती काढायची, आणि त्यातले जे आज पदावर आहेत त्यांना वरचे चार प्रश्न ईमेलने पाठवून द्यायचे.